तुम्हाला न दिलेले पाणी

अप्पा,

ज्या कृपेने या वयातही माझ्या डोळ्यांत अक्षर ओळखण्याइतका उजेड आणि बोटांत लेखणी धरण्याइतके बळ राखले आहे, तिला आधी माझा नमस्कार. तिच्यापुढे मी आजवर वाकत आलो, आजही वाकतो. तुमच्यापुढे मात्र वाकत नाही. मुलाने वडिलांना लिहिताना आरंभी साष्टांग नमस्कार लिहावा, हे तुम्हीच मला पाटीवर शिकवलेत. तो नमस्कार मी जाणूनबुजून गाळला आहे, आणि गाळला आहे हे तुमच्या ध्यानात यावे म्हणून तसे लिहूनही ठेवतो. तुम्हाला जाऊन तेरा वर्षे झाली. या तेरा वर्षांत तुमच्याशी बोलायचे राहिले आहे ते एकाच गोष्टीबद्दल. माझ्या लेकीची पहिली मुलगी, तुमची पणती, साडेचार महिने जगली. तिच्या हृदयातली एक झडप जन्मतःच चुकीची बांधलेली होती. ती बांधणी सोडवून पुन्हा बांधू शकणारे हात मुंबईत होते. तिला त्या हातांपर्यंत तुम्ही पोहोचू दिले नाहीत.

ते सिंहस्थाचे वर्ष होते. पंचवटीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि आपल्या ओसरीवर सकाळपासून शास्त्रार्थ विचारणाऱ्यांची रांग असे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. स्वयंपाकघरात खिडकीखालच्या भिंतीला टेकून ती मुलीला पाजायला बसते, आणि मी देवांची भांडी घासत समोरच असतो. मुलगी चार घोट घेते, थांबते, धापा टाकते, पुन्हा तोंड लावते. तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब उभे राहतात. तुमची सून शेगडीपाशी उभी राहून थट्टा करते, "अगं, दूध पिताना कसला घाम येतो हिला? नांगर धरून आली की काय?" दोघी हसतात, मीही हसतो. दूध पिणे हेच त्या जिवाला नांगर धरण्याइतके जड होते, हे कळायला आम्हाला आणखी तीन आठवडे लागले.

नाशकातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग त्यांनी ती माझ्या कानांना लावली. "गुरुजी, तुमचा कान तयार आहे. ऐका." स्वर आणि मात्रा ऐकण्यात माझा जन्म गेला आहे. लहानशा छातीत ठोके द्रुत लयीत चालले होते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये, जिथे शांतता असायला हवी तिथे, मृदंगावर कोणी तळवा घासावा तसा एक खोल, खरखरीत नाद होता. तो नाद मी पुढे कधीही विसरू शकलो नाही. मंत्रपठणात दोन ओळींमध्ये श्वास घेतानाही तो मला ऐकू आला आहे.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या शल्यचिकित्सकांनी क्ष-किरणांच्या पाकिटामागे पेनने चित्र काढून दाखवले. तुम्ही सोबत नव्हतात, म्हणून घरी आल्यावर मी ते पाकीट तुमच्यापुढे ठेवले होते आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले होते. "ही झडप म्हणजे दोन पानांचं दार. ते उलट्या बाजूला उघडू नये म्हणून त्याला बारीक दोर असतात, आणि ते दोन वेगळ्या खांबांना बांधलेले असतात. हिचे सगळे दोर एकाच खांबाला बांधलेत. दार नीट उघडतच नाही, नुसती फट राहते. मग रक्त मागं तुंबतं, छातीत पाणी साचतं, पोरीला धाप लागते. असं फार क्वचित दिसतं." जावयाने विचारले की झडप बदलता येत नाही का. ते म्हणाले, "एवढ्या मापाची मिळत नाही. आणि मूल वाढतं, बसवलेली झडप वाढत नाही. हिचीच झडप दुरुस्त करायची. तो एक खांब मधोमध चिरून त्याचे दोन करायचे, दोर मोकळे करायचे. धोका मोठा आहे, खोटं सांगत नाही. पण थांबण्याचा धोका त्याहून मोठा. जागा झाली की फोन करू, लगेच निघा."

तुम्ही पाकीट उलटसुलट करून पाहिलेत. "एकाचे दोन खांब," तुम्ही म्हणालात, "आणि तेही चालत्या घरात." त्या क्षणी मला तुमच्या बुद्धीचा अभिमानच वाटला. इतक्या चटकन तुम्ही मर्म पकडले होते.

म्हणूनच तुम्हाला अज्ञानाची सूट देता येत नाही. अडाणी माणसाला मी केव्हाच क्षमा केली असती. तुम्हाला शास्त्र ठाऊक होते. किती ठाऊक होते याचा साक्षीदार मी स्वतः आहे. मी वीस-बावीस वर्षांचा असेन. तुम्ही मला नदीवर स्वतंत्र बसवून तांब्याचे ताम्हण आणि पळी-पंचपात्र भेट दिलेत, त्याच महिन्यातली ही गोष्ट. चांदवडकडचा एक शेतकरी धावत आला. "महाराज, भाऊ लय बेजार हाय. हितं दवाखान्यात टाकलाय. त्याच्या नावानं काय ते दान सोडायचं हाय, लवकर करा." मी पंचांग उघडून ऐटीत सांगितले की आत्ता भद्रा आहे, वेळ अशुभ आहे, दोन वाजल्यानंतर या. तुम्ही पायऱ्यांवरून ते ऐकलेत आणि दहा लोकांत माझ्या हातातले पंचांग काढून घेतलेत. "त्याच्या भावाचा श्वास तुझ्या भद्रेला विचारून चालतो काय रे? जिवावर बेतलेल्याला पंचांग नसतं. पंचांग धडधाकट माणसांसाठी असतं. ऊठ त्या आसनावरून." मग तुम्ही स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून त्याचा संकल्प सांगितलात. माझे कान तापले होते, तरी मनात मी तुम्हाला दंडवत घातला होता. तो दंडवत आज परत मागता आला असता तर मागितला असता.

आता त्या दुपारचे. फोन तुमच्या खोलीत होता. दवाखान्यातून निरोप सकाळीच आला होता, आणि तुम्ही तो आम्हाला जेवताना, भातावर वरण घेता घेता सांगितलात. "मुंबईहून विचारत होते. सोमवारी आणा म्हणाले. मी सांगितलं, पितृपक्ष आहे, घटस्थापना झाली की येऊ."

लेक वाढत होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "आजोबा, जागा झाली की उशीर करू नका म्हणाले होते ते."

"पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतं? झडप जन्मापासून तशीच आहे ना?"

"पण तिला श्वास..."

"तू आई झालीस काल-परवा. या घरात मी किती बारशी पाहिली आहेत, तुझ्या आईला विचार. सिंहस्थाचा पितृपक्ष आहे. आपल्या ओसरीवर लोक मला विचारायला येतात. त्यांना मी एक सांगायचं आणि माझ्या घरातून पोर शस्त्राखाली पाठवायची?"

लेकीने माझ्याकडे पाहिले. "बाबा?" तेवढेच म्हणाली. आणि मी, वयाची पन्नाशी जवळ आलेला, शेकडो घरांत ज्याच्या शब्दाला मान आहे असा मी म्हणालो, "अप्पा म्हणतात त्यात काही अर्थ असेल. वाढ आधी."

दोन दिवसांनी मला राहवले नाही. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी चोरून दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "अहो आजोबा, तुमच्याच घरून नको सांगितलं ना? ती जागा दुसऱ्या बाळाला दिली. आता दसऱ्यानंतर बघू." दुसऱ्या बाळाला. ते बाळ जगले असेल तर आज सतरा वर्षांचे असेल. त्याचे भले होवो. त्याच्याविषयी माझ्या मनात काहीही नाही.

नवरात्रातल्या सप्तमीला दुपारी मुलगी गेली. तिला साधा खोकला झाला होता. धडधाकट मुलाला तो चार दिवस झाला असता आणि गेला असता. दार न उघडणाऱ्या हृदयाला तो पेलला नाही. लेकीच्या मांडीवर ती होती, आणि लेकीला बराच वेळ वाटत होते की हिला अखेर शांत झोप लागली. मी आतून धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही पाठाला बसला होतात. तुम्ही डोळे मिटलेत, उघडलेत, आणि मला शास्त्र सांगितलेत. दात आलेले नाहीत, तेव्हा दहन नाही, पिंड नाही. आईबापांखेरीज आपल्याला स्नान केले की शुद्धी. मग तुम्ही उठलात, विहिरीवर जाऊन दोन बादल्या अंगावर घेतल्यात, सोवळे नेसलात आणि पाठ जिथे सोडला होता तिथून पुढे सुरू केलात. शास्त्रदृष्ट्या तुम्ही अचूक होतात. जावई आणि मी तिला मातीत ठेवून परत आलो, तेव्हा ओसरीवरून तुमचा आवाज येत होता. स्वरात कुठेही कंप नव्हता.

तुमची सून पुढे अनेकदा मला समजावत असे, "त्यांना भीती वाटली हो. एवढ्याशा अंगावर सुरी, कल्पनाच करवली नाही त्यांना." असेलही. पण भीती वाटली तर भीती म्हणायचे होते. पितृपक्ष का म्हणालात? भीतीशी मला वाद घालता आला असता. हात धरून मी तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेलो असतो. तुम्ही भीतीला शास्त्राचे सोवळे नेसवलेत, आणि त्या सोवळ्याला हात लावायची माझी प्राज्ञा नव्हती, हे तुम्हाला पुरते माहीत होते.

चार वर्षांनी तुम्ही गेलात. एकादशीला, अंथरुणात, शुद्धीत. लोक म्हणाले केवढे पुण्य, आणि मी ते हात जोडून ऐकून घेतले. दहावे, बारावे, तेरावे सारे यथासांग केले, कारण गाव पाहत होते. त्यानंतर मी तुम्हाला पाण्याचा एक थेंबही दिलेला नाही. हा माझा सूड आहे, अप्पा, आणि तो मी पूर्ण समजून घेतला. अवघ्या देशातून लोक आपल्या मेलेल्यांना पाणी द्यायला ज्या काठावर येतात, तिथे रोज बसणारा मी, माझ्या बापाला तहानलेला ठेवतो. तुमच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी मी पंचा खांद्यावर टाकून निघालो. शेजारी म्हणाले, "गुरुजी, आज अप्पांचं ना?" मी मान हलवली. नदीवर लासलगावचा एक आडतदार बसला होता. त्याला आपल्या बापाचे गोत्रही सांगता येईना, आणि त्या बापाबद्दल तो जे सांगत होता ते ऐकून मला हसू आवरेना. "महाराज, म्हातारा लय शिव्या द्यायचा, पण आता सपनात येतो आन नुसता बघत बसतो. त्याला गप करा." त्या शिवराळ म्हाताऱ्याला मी तुमच्या ताम्हणातून, तुम्ही शिकवलेल्या शुद्ध उच्चारांत, पोटभर पाणी दिले. तुमची वेळ तशीच टळू दिली. त्या दिवशी घरी येऊन मला गाढ झोप लागली, हेही सांगतो. आठ वर्षे मी असेच करत आलो आणि दर वर्षी मला तितकीच तृप्ती लाभली.

मग पुन्हा सिंहस्थ आला. लेकीने इतकी वर्षे दुसऱ्या मुलाचे नाव काढले नव्हते. चौतिसाव्या वर्षी तिला मुलगी झाली. या वेळी ती माहेरी आली नाही. नांदगावला, नवऱ्याच्या घरीच बाळंत झाली. का आली नाही, हे मी विचारले नाही. मुलगी तीन महिन्यांची असताना तिला दूध पिताना घाम आला, तशी लेक उठली आणि कोणालाही न विचारता तिला घेऊन मुंबईला गेली. तीच झडप, तसाच एकच खांब. डॉक्टर म्हणाले, असे एका घरात दोनदा होणे फार दुर्मीळ, पण होते. मला तिने कळवले ते भरती झाल्यावर.

मी पोहोचलो तेव्हा भाद्रपदाचा वद्य पक्ष चालू होता, तुमचाच पितृपक्ष. शल्यचिकित्सक आता दुसरे होते, तरुण, चटपटीत बोलणारे. "आजोबा आले का? बरं झालं. सोमवारी घेऊ या. आत्ता छाती स्वच्छ आहे, ताप नाही. काही कारणानं नाहीच जमलं तर गुरुवार, पण सोमवार बरा."

पंचांग मला पाठ असते. सोमवारी एकादशी होती, तुमची तिथी. मधल्या एका तिथीचा क्षय होता, म्हणून गुरुवारीच सर्वपित्री अमावास्या. ज्या दुपारी जगभरची मुले आपल्या बापांना पिंड देतात, त्या दुपारी तुमच्या वंशातली मुलगी शस्त्राखाली असावी आणि जगावी, तुमच्या शास्त्राच्या नाकावर टिच्चून जगावी, असे माझ्या मनाने क्षणात रचले. तुमच्या तिथीला तर तिचे काही शुभ होऊच नये, नाहीतर त्याचे श्रेय तुमच्याकडे जाईल. मी म्हणालो, "गुरुवार घ्या."

"का? काही अडचण आहे?"

"अडचण नाही. पण गुरुवारच बरा."

लेक खाटेच्या दांडीला धरून उभी होती. तिने दांडी सोडली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि बोटाने चौकट शोधली. "अमावास्या," ती म्हणाली. "सर्वपित्री." आवाज चढला नाही तिचा. "बाबा, आजोबांनी पितृपक्ष आहे म्हणून थांबवलं. तुम्ही पितृपक्ष आहे म्हणूनच थांबवताय. त्यांना चांगला दिवस हवा होता, तुम्हाला वाईट हवाय. माझ्या पोरीला तीन दिवसांत खोकला झाला तर तुम्ही दोघं मिळून काय शास्त्र सांगणार आहात मला?"

डॉक्टर फाइलमध्ये पाहू लागले. मी काही बोलायला तोंड उघडले, तोच ती जावयाला म्हणाली, "अहो, बाबांना खाली चहा पाजून आणा. साखर जास्त घालायला सांगा." आणि डॉक्टरांना, "सोमवार."

बारा वर्षे मी तुम्हाला ज्या एका गोष्टीचा दोषी धरले, तीच गोष्ट करायला मला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नव्हता. कॅन्टीनमध्ये जावई माझा कप माझ्याकडे सरकवत राहिला. मी तुमच्यासारखाच आहे हे त्याने पाहिले होते, आणि त्या वेळी तुमचा मला जितका द्वेष वाटला तितका त्या सप्तमीलाही वाटला नव्हता.

सोमवारी सकाळी तिला आत नेले. शरीर थंड करतात, रक्त यंत्रातून फिरवतात आणि हृदय थांबवतात, म्हणजे हलत्या घरात काम करावे लागत नाही. त्या थांबलेल्या हृदयात डॉक्टर तो जाड खांब चिरत होते, दोर एकेक मोकळा करत होते, तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. जप सुरू करायला बसलो आणि जप आला नाही. नित्याचा, पन्नास वर्षांचा जप, एक अक्षर आले नाही. मी देवाशी बोललोच नाही. मी तुमच्याशी बोललो. प्रार्थना नव्हती ती, धमकी होती. म्हणालो, अप्पा, ही वाचली तर तुम्हाला पाणी देईन. नाही वाचली, तर मी मरताना घरच्यांकडून शपथ घेईन की या घरात तुमचे नाव कोणी संकल्पात उच्चारणार नाही.

ती वाचली. दुपारी डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि म्हणाले, दार उघडलं. पुढे कदाचित आणखी एकदा दुरुस्ती करावी लागेल, दर वर्षी तपासायला आणा. ती आता पाच वर्षांची आहे. सुट्टीत नाशिकला येते, घाटाच्या पायऱ्यांवर धावते, आणि छातीवरचा उभा व्रण दाखवून यजमानांना सांगते, "ही माझी चेन आहे. डॉक्टरकाकांनी लावली. उघडायची नाही." यजमान हसतात आणि माझा संकल्प चुकतो.

अप्पा, तुम्हाला मी शब्द दिला होता. पाच पितृपक्ष उलटले, तुम्हाला पाणी अजून दिलेले नाही. दर वर्षी एकादशीला मी ताम्हण घासतो, तीळ घेतो, नदीत उतरतो आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी बापाचे नाव घेतो. लोकांना वाटेल हा म्हातारा अजून रागावला आहे. राग आहेच, तो मी खाली ठेवलेला नाही. पण खरे कारण तेवढेच नाही. पाणी मिळाले की तुम्ही तृप्त व्हाल आणि निघून जाल. तुम्ही गेलात की त्या दुपारी पानावर बसलेल्यांपैकी, लेकीने ज्याला 'बाबा' म्हणून हाक मारली तो एकटाच मागे उरेल. त्याला एकट्याला सोबत घेऊन जगणे मला जमेल असे वाटत नाही. म्हणून तुम्हाला मी तहानलेले, जवळच ठेवले आहे.

हे पत्र पाठवण्यासारखे नाही. पोथीत ठेवून देतो. पुढे कोणाच्या हाती पडले तर वाचणाऱ्याच्या घरातली लेकरे पोटभर दूध पिवोत, त्यांची हृदये आपल्या लयीत चालोत, त्यांना वेळेवर निपुण हात लाभोत. जो कोणी हे वाचेल त्याचे कल्याण असो. आशीर्वाद देताना कोणालाही वगळता येत नाही, एवढे शास्त्र मी अजून पाळतो.